गोलाबाहेरचा कडुनिंब

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर नातीचा फोन आला. ती यंदा नववीत आहे. एरवी तिचा फोन येतो तो आईची तक्रार सांगायला. त्या दिवशी मात्र स्वर वेगळा होता.

"आजी, तू शाळेत संच शिकवायचीस ना?"

"शिकवायचे कसली! एका वर्षी शिकवावे लागले होते."

"मग मला सांग. विश्वसंचात असलेले, पण ए-मध्ये नसलेले घटक म्हणजे ए-चा पूरक संच. हे मला पाठ आहे. पण विश्वसंच कोण ठरवतं? बाई म्हणतात, तो गणितात दिलेला असतो. देतं कोण?"

उद्या सांगते, म्हणून मी फोन ठेवला. झोप काही लवकर लागली नाही. कारण जवळजवळ हाच प्रश्न मला पन्नास वर्षांपूर्वी एका मुलाने विचारला होता, आणि मी त्याला दटावून गप्प केलं होतं.

ही हकिगत १९७६ सालची. मी तालुक्याच्या गावी हायस्कुलात इतिहास शिकवत होते. माझं बी.ए. इतिहासात, जोडीला संस्कृत. गणिताचा आणि माझा संबंध मॅट्रिकलाच संपला होता. पण गणिताच्या सरांची ऐन वर्षाच्या मध्यात बदली झाली, आणि मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, संचाचा धडा तुम्ही घ्या. त्यात आकडेमोड नाही, नुसते गोल काढायचे असतात." तेव्हा नव्या गणिताचं वारं होतं. आईबाप मुलांच्या वह्या बघून विचारत, हे गोल कसले? मी आदल्या रात्री पुस्तक वाचायचे आणि सकाळी वर्गात सांगायचे, इतकीच माझी तयारी.

छेद, संयोग फळ्यावर जमले. पूरक संच काही मुलांच्या गळी उतरेना. मग मी हुशारी केली. मुलांना मैदानावर नेलं, फक्कीने दोन मोठे गोल आखले, एकमेकांत थोडे गुंतलेले. ज्यांच्या घरी रेडिओ आहे त्यांनी या गोलात, ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांनी त्या गोलात, दोन्ही असतील त्यांनी मधल्या फाकेत. मुलं हसत-खिदळत जागेवर गेली. आज वाटतं, मोजायला दुसरं काहीही घेता आलं असतं. बोरं आवडणारे, पोहता येणारे… पण मला सुचला तो रेडिओ.

बाहेर एकच मुलगा उरला. मैदानाच्या कडेला कडुनिंब होता, त्याच्या बुंध्याशी जाऊन तो उभा राहिला. मी आनंदाने म्हणाले, "हा पाहा, हा पूरक संच!" सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बाई, मग हे झाडपण माझ्या संचात का? तेपण गोलाच्या बाहेरच आहे."

पोरं खो-खो हसली. मला उत्तर येत नव्हतं. मला वाटलं, हा चेष्टा करतोय. मी म्हणाले, "जास्त शहाणपणा नको." आणि सगळ्यांना वर्गात पिटाळलं.

आता त्या प्रश्नाकडे येते. निवृत्तीनंतर वेळच वेळ होता, तेव्हा तर्कशास्त्राची पुस्तकं मिळतील तशी वाचत गेले, आणि कळलं की त्या पोराने विचारलेला प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे.

ॲरिस्टॉटलपासून सुरू करू. 'माणूस' हे नाव. मग 'न-माणूस' हे नाव आहे का? ॲरिस्टॉटल म्हणतो, नाही. घोडा न-माणूस, दगड न-माणूस, आणि जे अस्तित्वातच नाही तेही न-माणूस. जे कशालाही लागू पडतं ते कसलं नाव? त्याने त्याला 'अनिश्चित नाव' असं म्हणून बाजूला ठेवलं. त्यानंतर कित्येक शतकं युरोपातल्या तर्कशास्त्रात अशा नावांचा मान बेताचाच राहिला. थोडक्यात, कडुनिंब आत येतो की नाही हे सांगता येईना, म्हणून त्याने तो गटच नको म्हटलं.

आपल्याकडे मात्र वैयाकरणांनी या प्रश्नाला हात घातला होता. पतंजलीच्या महाभाष्यात एक उदाहरण येतं. कॉलेजात ते शिकताना मी त्यावरून नुसती पुढे गेले होते. कोणी सांगितलं, 'अब्राह्मणाला घेऊन ये', तर ऐकणारा काय आणतो? ब्राह्मणासारखाच, म्हणजे माणूसच, पण ब्राह्मण नसलेला, असा कोणीतरी आणतो. मातीचं ढेकूळ आणून ठेवत नाही. ढेकूळही 'अब्राह्मण' आहेच की! पण ते आणून काम होत नाही. म्हणजे 'नाही' म्हणताना आपण मनातल्या मनात एक कुंपण घातलेलं असतं, आणि ते कुंपण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला न सांगता ठाऊक असतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची ही गोष्ट. त्या मुलाचा कडुनिंब आणि पतंजलीचं ढेकूळ, प्रश्न एकच. (उदाहरणाला शब्द कोणता निवडला आहे तेही लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.)

पुढे मीमांसकांनी आणि नैयायिकांनी 'नाही'चा फार बारीक कीस पाडला. 'जमिनीवर घडा नाही' असं म्हटलं की नैयायिक विचारणार, अभाव कशाचा आणि अभाव कुठे? घडा आणि जमीन, दोन्ही सांगितल्याशिवाय अभावाला अर्थ नाही. बौद्ध आचार्य दिङ्नागाने तर सगळी भाषाच उलटी करून दाखवली. 'गाय' शब्दाचा अर्थ काय, तर जे गाय-नसलेलं आहे त्यातून वगळलेलं. नववीच्या भाषेत, पूरकाचा पूरक म्हणजे मूळ संच. कुमारिल भट्टाने त्याला अडवलं, की 'गाय-नसलेलं' कळायला आधी गाय कळायला नको का? हे तर अन्योन्याश्रय झालं. हा वाद शतकानुशतकं चालला, आणि मला तो अजूनही पूर्ण कळलेला नाही. असो.

ज्या माणसाने गणिताच्या बाजूने या कुंपणाला नाव दिलं, तो जन्माने आपल्याकडचा. ऑगस्टस डी मॉर्गन, जन्म २७ जून १८०६, गाव मदुराई. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी. जन्मानंतर लवकरच त्याचा उजवा डोळा निकामी झाला, आणि तो सात महिन्यांचा असताना कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढे तो स्वतःची ओळख गमतीने सांगायचा, की मी इंग्लिश नाही, स्कॉटिश नाही, आयरिशही नाही, कुठेही न जोडलेला ब्रिटिश आहे. नववीतल्या मुलांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. तीन गोल काढा आणि तिन्हींच्या बाहेर एक माणूस उभा करा. पुस्तकातला डी मॉर्गनचा नियम तो हाच. संयोगाचा पूरक म्हणजे पूरकांचा छेद. 'हा किंवा तो' यांच्या बाहेर असणं म्हणजे 'हाही नाही आणि तोही नाही'. (नियम त्याच्याआधी चौदाव्या शतकात ओकमच्या विल्यमलाही शब्दांत ठाऊक होता, पण नाव लागलं ते डी मॉर्गनचं.)

गोलाबाहेर राहण्याचा अनुभव त्याला पुस्तकातून घ्यावा लागला नाही. केंब्रिजला १८२७ मध्ये तो गणितात चौथा आला. पण तिथे एम.ए. व्हायचं आणि फेलो म्हणून राहायचं, तर इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या मतांवर सही करावी लागे. त्याने नकार दिला. अशी सही न करणाऱ्या पंथीयांना तिकडे नावच होतं 'नॉन-कन्फॉर्मिस्ट', म्हणजे न-मानणारे. नावच पूरक संचाचं! लंडनमध्ये तेव्हा एक नवं विद्यापीठ निघालं होतं, जिथे धर्माची अट नव्हती. १८२८ मध्ये एकविसाव्या वर्षी तो तिथे गणिताचा प्राध्यापक झाला. तेच पुढचं युनिव्हर्सिटी कॉलेज. तिथूनही त्याने दोनदा तत्त्वासाठी राजीनामा दिला. दुसरा १८६६ मध्ये, कारण एका विद्वानाला त्याच्या युनिटेरियन पंथामुळे नेमणूक नाकारली गेली, असं त्याचं ठाम मत होतं. धर्माची अट नाही म्हणून निघालेल्या जागीच ती अट मागच्या दाराने आली, हे त्याला सोसलं नाही. १८७१ च्या मार्चमध्ये तो वारला. केंब्रिज-ऑक्सफर्डमधल्या या धार्मिक अटी बहुतांशी रद्द करणारा कायदा आला त्याच वर्षी, तीन महिन्यांनी.

पण सगळ्यांना मोकळं असलेलं ते कॉलेजही बायकांना मोकळं नव्हतं. १८७८ पर्यंत तिथे मुलींना पदवीसाठी प्रवेश नव्हता. 'सगळे' म्हणताना त्या मनातच नव्हत्या. डी मॉर्गनने मात्र एडा लव्हलेसला पत्रांतून उच्च गणित शिकवलं, ते १८४० च्या सुमाराला. आणि दिल्ली कॉलेजातल्या मास्टर रामचंद्रांचं महत्तम-लघुतम मूल्यांवरचं पुस्तक, जे त्यांनी १८५० मध्ये कलकत्त्याला छापलं होतं, त्याला स्वतः प्रस्तावना लिहून १८५९ मध्ये लंडनहून पुन्हा काढवलं. रामचंद्रांचं नाव आपल्या पुस्तकांत का येत नाही, हा वेगळा लेखाचा विषय.

तर १८४७ मध्ये डी मॉर्गनचं तर्कशास्त्राचं पुस्तक आलं. त्यात त्याने ॲरिस्टॉटलने टाकून दिलेलं 'न-माणूस' परत उचललं. तो म्हणतो ते माझ्या शब्दांत असं. रोजच्या बोलण्यातल्या विरुद्ध जोड्या सगळ्या विश्वाची वाटणी करत नाहीत, एखाद्या ठरावीक गोष्टीचीच करतात. माणसांपुरतं बोलायचं तर 'ब्रिटिश' आणि 'परका' ही जोडी पुरी आहे. प्रत्येक माणूस दोहोंपैकी एक असतो, दोन्ही कोणी नसतो. संख्यांमध्ये पूर्णांक आणि अपूर्णांक, प्रजाजनांमध्ये उमराव आणि सामान्य. आधी ठरवा, कशाबद्दल बोलतो आहोत. मग 'न-ब्रिटिश' म्हणजे झाडं-दगड नव्हे, परके. हा त्याचा विश्वसंच. बोलण्याचं विश्व अशा अर्थाचा जो शब्द पुढे रूढ झाला, तो १८५४ मध्ये जॉर्ज बूलने वापरला.

मदुराईत जन्मलेल्या माणसाने उदाहरण म्हणून ब्रिटिश आणि परका घ्यावेत, याचं मला वाचताना हसू आलं. १८४७ मध्ये मदुराईत उभं राहून पाहिलं असतं, तर परका कोण?

बूलची गोष्ट थोडक्यात सांगते. लिंकनच्या एका चांभाराचा मुलगा, पदवी नाही, बरंचसं स्वतःच शिकलेला. (त्याची बायको मेरी ही आपल्या एव्हरेस्ट शिखराला ज्यांचं नाव दिलं त्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी.) त्याने विश्वाला १ मानलं आणि रिक्ताला ०. एखादा गट 'क्ष' असेल, तर उरलेला गट १ वजा क्ष. झालं! पूरक संच म्हणजे साधी वजाबाकी. आणि क्ष गुणिले १ वजा क्ष बरोबर ०, म्हणजे आतला तोच बाहेरचा असू शकत नाही. ॲरिस्टॉटलचं मोठं तत्त्व अर्ध्या ओळीच्या समीकरणात बसलं. मुख्याध्यापक मला म्हणाले होते की संचात आकडेमोड नसते. त्यांना हे दाखवायला हवं होतं.

आता गोलांकडे. गोल काढून विचार करण्याची रीत ऑयलरने अठराव्या शतकात एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांत वापरली होती. जॉन वेनने १८८० मध्ये ती सुधारली, म्हणून वेन आकृती. पण गंमत अशी, की आज पाठ्यपुस्तकात गोलांभोवती जी चौकोनी चौकट असते, ती वेन सहसा काढतच नसे. गोलांच्या बाहेरचा भाग तो नुसता कोरा सोडी. कागद संपेपर्यंत बाहेर, आणि कागद संपल्यावरही बाहेरच. म्हणजे थेट माझ्या मैदानासारखं! १९७६ मध्ये मी वेनचीच चूक केली, हे कळल्यावर जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

चौकट काढली ती लुईस कॅरलने. होय, तोच, 'ॲलिस'वाला. तो ऑक्सफर्डला गणित शिकवायचा. मुलांसाठी त्याने तर्कशास्त्राचा एक खेळ केला होता, त्यात एक पट आणि लाल-करड्या सोंगट्या. पटाला बाहेरची चौकट होती. 'क्ष नाही, य नाही' अशांनाही पटावर इतरांइतकंच घर. पुढे १८९६ च्या पुस्तकात त्याने वेनची थट्टा केली, की वेनच्या राज्यात हा बिचारा बाहेरचा वर्ग अनंत अवकाशात मोकाट हिंडत होता, माझ्याकडे आल्यावर त्याला इतरांसारखंच एका खोलीत राहावं लागलं. तो कोंडल्याचं गाऱ्हाणं विनोदाने सांगतो. मला मात्र वाटतं, बाहेरच्याला घर मिळालं.

विसाव्या शतकात ही चौकट दोन ठिकाणी कसोटीला लागली, आणि योगायोग असा की एकाच वर्षी, चाळीस दिवसांच्या अंतराने.

पहिली तारीख १६ जून १९०२. बर्ट्रांड रसेलने येनाला फ्रेग नावाच्या गणितज्ञाला पत्र लिहिलं. फ्रेगने सगळं अंकगणित तर्काच्या पायावर उभं करायचा आयुष्यभर उद्योग केला होता, दुसरा खंड छपाईत होता. रसेलने विचारलं, जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा सगळ्या संचांचा एक संच घ्या. तो स्वतःचा घटक आहे का? आहे म्हटलं तर नाही ठरतो, नाही म्हटलं तर आहे ठरतो. फ्रेगची इमारत एका पत्राने हलली, आणि त्याने मोठ्या मनाने ते त्याच खंडाच्या परिशिष्टात कबूल केलं.

दुसरी तारीख २६ जुलै १९०२. राजर्षी शाहू महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडमध्ये होते. इकडे कोल्हापुरात त्यांच्या हुकमाने जाहीर झालं, की संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. इतिहासाच्या तासाला मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. पण मागासलेले कोण, याची व्याख्या हुकमात कशी केली होती, ते मी नीट वाचलं फार उशिरा. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीच्या सर्व जाती. म्हणजे शुद्ध पूरक संच! डी मॉर्गनचा नियम लावून पाहा. ब्राह्मण नाही, आणि प्रभू नाही, आणि शेणवी नाही, आणि पारशी नाही, आणि पुढारलेला इतर कोणी नाही, तो मागासलेला. विश्वसंच कोणता? करवीर संस्थानची प्रजा. इथे गोलाबाहेरच्यांची मोजदाद झाली ती त्यांना आत घेण्यासाठी. चौकट आखणाऱ्याच्या मनात काय आहे, यावर किती अवलंबून असतं!

पण पूरक संचाची एक खोड आहे. त्यातल्या घटकांमध्ये साम्य असलंच पाहिजे असं नाही. एक गोष्ट त्यांच्यात नाही, एवढंच साम्य. त्या व्याख्येने मराठा शेतकरी, धनगर आणि महार एकाच संचात आले. पुढे १९२० च्या दशकात तर एका राजकीय पक्षाचं, चळवळीचं नावच झालं 'ब्राह्मणेतर'. पतंजलीचं उदाहरण दोन हजार वर्षांनी महाराष्ट्राच्या राजकारणात आलं, म्हणा ना. एकत्र यायला ते नाव उपयोगी पडलं. पण 'इतर' म्हटल्यावर त्या इतरांमध्ये विहिरीवर कोणाला पाणी भरू देतात आणि कोणाला नाही, हा प्रश्न मिटत नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये सभा काढली तिचं नाव 'बहिष्कृत हितकारिणी', १९२७ मध्ये पत्र काढलं त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत म्हणजे बाहेर काढलेले. आम्ही कोणा इतरांतले इतर नाही, आम्हांला बाहेर काढलं आहे, आणि काढणारा कोणीतरी आहे. व्याकरणाच्या बाई म्हणून सांगते, 'इतर'मध्ये कर्ता नसतो. 'बहिष्कृत'मध्ये असतो.

असले शब्द आपण रोज वापरतो आणि चौकट विसरतो. बिगरशेती जमीन म्हणतो तेव्हा आभाळ बिगरशेती आहे का असं कोणी विचारत नाही. मी तेहतीस वर्षं हजेरी घेतली. न आलेल्या मुलापुढे 'गैर' लिहायची. गैरहजर म्हणजे हजर नसलेला. पण विश्वसंच कोणता? हजेरीपट. त्याच गावात ऊसतोडीला गेलेली, गुरांमागे फिरणारी, धाकटी भावंडं सांभाळणारी कितीतरी पोरं होती. त्यांना मी कधी गैरहजर लिहिलं नाही. ती पटावरच नव्हती.

नातीला दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा हा सगळा इतिहास सांगत बसले नाही. एवढंच विचारलं, "साठ अंशांचा पूरक कोन किती?"

"एकशेवीस."

"का?"

"बेरीज एकशेऐंशी हवी म्हणून."

"आणि कोटिकोन?"

"तीस. तिथे बेरीज नव्वद."

"मग साठ तोच. उरलेलं मात्र एकदा एकशेवीस, एकदा तीस. एकूण किती धरायचं, ते आधी ठरतं. पूरक नंतर."

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण आजी, मग एकच कायमचा विश्वसंच का नाही घेत? सगळ्याचा. जगातलं सगळं. म्हणजे कोणी ठरवायलाच नको."

पाहा, पोरं कुठे पोचतात! १९०८ मध्ये झेर्मेलोने याचं उत्तर दिलं, रसेलच्याच युक्तीने. मी तिला ते असं सांगितलं. समज, तू एक भली मोठी चौकट आखलीस आणि म्हणालीस, यात सगळं आलं. आता या चौकटीतले असे सगळे घटक गोळा कर, जे स्वतःचेच घटक नाहीत. त्यांचा एक गठ्ठा बांध. हा गठ्ठा चौकटीत आहे का? आहे असं धरलंस, की रसेलचा पेच पुन्हा उभा. तो स्वतःत असला तर नसतो, नसला तर असतो. म्हणून तो चौकटीत असूच शकत नाही. तो बाहेर. चौकट वाढव, पुन्हा तीच युक्ती, पुन्हा काहीतरी बाहेर. सगळ्याचा संच नसतोच. आणि म्हणून नुसता 'पूरक संच' अशी वस्तूही नसते. 'या चौकटीत याचा पूरक' एवढंच म्हणता येतं.

"म्हणजे दर वेळी कोणीतरी आखावीच लागते?"

"हो."

"मग बाई बरोबरच सांगत होत्या, दिलेला असतो म्हणून."

"बरोबर सांगत होत्या. पण तू विचारलंस तेही बरोबर."

अमेरिकेत १९५७ मध्ये रशियाच्या स्पुटनिकची धास्ती बसली, शाळेचं गणित बदलायला हवं असं तिकडच्यांनी घेतलं, १९५८ पासून समित्या बसल्या, संच शाळेत आले, आणि ते वारं फिरत-फिरत आमच्या तालुक्यापर्यंत पोचलं. तिकडे १९७३ मध्ये मॉरिस क्लाइनने पोरांना साधी बेरीज येईना म्हणून त्यावर पुस्तक लिहून झोड उठवली होती, तेव्हा आम्ही इकडे सुरुवातच करत होतो. संच पुढे पुस्तकांतून कधी गेले, कधी आले. २०१७ साली आलेल्या नववीच्या पुस्तकात पहिलाच धडा संचांचा आहे, चौकटीसकट. चौकट छापलेली असल्यामुळे आता बहुधा कोणी विचारत नाही.

त्या मुलाचं नाव मला आठवतं, इथे लिहीत नाही. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या गावी गेला, पुढे काय झाला ठाऊक नाही. आता साठीच्या पुढे असेल. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही जण हे वाचतात, म्हणून सांगून ठेवते. कोणाच्या ओळखीत असेल तर त्याला कळवा. झाड तुझ्या संचात नव्हतं रे. मी वर्गातल्या मुलांबद्दल बोलत होते, पण तशी चौकट मैदानावर आखायची राहून गेली होती. फक्की उरली होती चांगली अर्धी बादली.